डिकी लागत नाही

एक टक् झालं, दुसरं झालंच नाही… करंगळीएवढी ती लोखंडी आकडी अर्धी वळली आणि तिथेच अडून बसली, आणि वरून एवढ्या डौलात खाली आलेलं डिकीचं झाकण क्षणभर विचारात पडल्यासारखं थबकलं, टूं टूं वाजलं, आणि पुन्हा सावकाश वर गेलं, पार वरपर्यंत. चोल्पोन बघत राहिली. सकाळपासून हेच चाललं होतं, बटण दाबलं की खाली, टक्, की परत वर. आणि गंमत म्हणजे तिला राग येत नव्हता. शनिवार होता, दवाखान्याला सुट्टी, अंगणात जर्दाळूच्या झाडाची ठिपक्याठिपक्यांची सावली, बोनेटवर चहाचा वाडगा, आणि समोर ही पांढरी, गुळगुळीत, स्वतःच्या पैशाने घेतलेली विजेवरची गाडी… बिघडलेली असली तरी आपली.

"भूक लागलीय तिला," आई दारातून म्हणाली. "बघ, कशी आ वासून उभी आहे."

"लागेल गं आपा, जरा थांब."

आपा, म्हणजे आई, थांबलीच होती. फुलाफुलांचा रुमाल बांधून, जायचे बूट घालून, उंबऱ्याशी बसली होती, आणि तिच्या शेजारी गुंडाळलेला शिर्दक — नमद्याचा गालिचा, लाल-काळ्या शिंगांच्या नक्षीचा, अख्खा हिवाळा मांडीवर घेऊन शिवलेला. भाचीच्या लग्नाचा आहेर. जेवणाच्या वेळेपर्यंत तोकमोकला मावशीकडे पोचायचं होतं, मिनीबसवाला एवढं धूड घेत नाही, आणि म्हणून, फक्त म्हणूनच, आज आपा या गाडीत पहिल्यांदा बसणार होती.

"नाहीतर तुरारला सांगते," आपा म्हणाली. "त्याच्या गाडीत मावेल. तू कशाला त्रास घेतेस."

कसं गोड बोलली. चिडून बोलली असती तर बरं झालं असतं, चिडलेल्या आपाशी भांडता येतं, हसवता येतं, पण ही अशी परक्याशी बोलावी तशी समजूतदार आपा… गाडी आल्या दिवसापासून ही अशीच. बाबा गेल्यावर त्यांची जुनी गाडी विकली आणि ही आणली तेव्हा आपा हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. त्या जुन्या गाडीचीही डिकी लागायची नाही, बाबा ती दोरीने बांधायचे, आणि पुढच्या सीटवरून आपा दर दोन मैलांनी मान वळवून बघायची, गाठ सुटली तर नाही ना. एवढा आवाज करायची ती गाडी की दोघं आयुष्यभर तिच्यात ओरडूनच बोलले. आणि ही? "गाडी आहे की रुसलेली सून," आपा एकदा म्हणाली होती. "चालते की नाही तेही कळू देत नाही."

कुंपणावरून तुरार बाइकेचं डोकं वर आलं. शेजारी, थोरल्या भावासारखा, आणि थोरल्या भावासारखाच न बोलावता येणारा.

"काय डॉक्टरीणबाई, दिवसभर लोकांना आ करायला लावता, आता एकीला मिटायला सांगता येईना?"

"बाइके, तुम्ही चहा प्या ना घरात."

"कॉम्प्युटरचं दुखणं आहे ते. माझी बघ, एक लाथ घातली की लागते. हिला लाथ घालायची तर कुठे, कळत नाही, सगळीकडून सारखीच."

आपा हसली, तोंडावर रुमालाचं टोक धरून. चोल्पोनलाही हसू आलं, आणि कुठेतरी आत बारीकसं टोचलंही, कारण आपा तुरारच्या विनोदाला हसली होती, आणि तुरारची गाडी फाटकाबाहेर तयार उभी होती.

कॉम्प्युटरचं दुखणं नव्हतं. छोट्या बॅटरीची तार काढून परत लावली होती, गाडी पाच मिनिटं मेल्यासारखी पडली आणि उठून पुन्हा तेच. रबराची कड पुसली, झाकणाखालची कडी हलवून बघितली, घट्ट होती. मग तिने ठरवलं, पेशंट समजायचं. दुखतं कुठे म्हणून विचारायचं नाही, दुखत असेल तिथे हात लावून बघायचं. झाकण वर असतानाच तिने स्क्रूड्रायव्हरचं टोक त्या आकडीत घातलं, कडी असल्यासारखं, आणि दाबलं. टक्. आणखी दाबलं… आणि आकडी मागे आली, हळू, चिवट, जबडा आखडलेल्या माणसासारखी. म्हणजे वरचं झाकण ठीक, बटण ठीक. अडलंय ते इथेच, खालच्या उंबऱ्यात, या बोटभर फटीत. तिला एकदम बरं वाटलं. नेमकी किडकी दाढ सापडली की वाटतं तसं. वळणावर मागे काहीतरी गडगडतं, तेही एकदा दाखवायचंय शोरूमवाल्याला, पण ते नंतर, स्वस्तातलं प्लास्टिक असतं, वाजतंच.

ती घरातून आपली पेटी घेऊन आली. छोटा गोल आरसा, बाकदार सुई, चिमटा. आरसा फटीत धरला, फोनचा उजेड टाकला, आणि आत…

तपकिरी, चकचकीत काहीतरी. आकडीच्या मागे, उन्हाने वितळून आत उतरलेलं, स्प्रिंगला धरून बसलेलं. ग्रीस असेल. सुई लावली तर सुई चिकटली, ओढली तर धागा आला, लांब, सोनेरी, उन्हात चमकणारा. तिने वास घेतला. आटवलेलं दूध. जळकट साखर.

टॉफी.

दातांच्या डॉक्टरला टॉफी ओळखू येणार नाही? आयुष्यभराचं वैर आहे. पण इथे कशी… कोणा पोराने घातली… आणि मग चिमट्याला कागद लागला. नखाएवढा तुकडा, निळा, त्यावर पांढरा पंख, अर्ध्या हंसाचा.

हंसाची टॉफी या घरात एकच बाई खायची.

हिवाळ्यात साखरेचा रिपोर्ट आला तेव्हा चोल्पोननेच ती अख्खी पिशवी उचलून बाहेर नेऊन टाकली होती, आपाच्या डोळ्यांदेखत, डॉक्टरी आवाजात चार वाक्यं ऐकवून, आणि आपा चुपचाप बघत राहिली होती. म्हणजे सगळी टाकली गेली नव्हती. कुठेतरी, पिठाच्या डब्यात, उशीच्या अभ्र्यात, आपाने मूठभर लपवली होती…

आणि ती खाल्ली नाही.

ज्या दिवशी गाडी आली. अख्खी गल्ली जमली होती, सगळ्या बाया दाराकडे बघत होत्या, आता बुरुल, म्हणजे आपा, बाहेर येईल, मूठ भरून वर उधळेल. गोळ्या, सुके जर्दाळू, अक्रोड… नवी सून आली की उधळतात, नवं बाळ आलं की उधळतात, चाचिला, ही उधळण, केल्याशिवाय नवं काही घरात घेतं का कोणी. आणि आपा आत कणीक मळत राहिली. बायांनी एकमेकींकडे बघितलं. चोल्पोन हसत राहिली, गाल दुखेपर्यंत, बटण दाबून डिकी उघडून दाखवत राहिली… मी काय मागितलं होतं गं, गाडी नव्हती मागितली, एक मूठ गोळ्या. मग बाया पांगल्या, आणि ती चार्जिंगची लांब तार आणायला बाजारात गेली, डिकी तशीच उघडी टाकून, आणि परत आली तेव्हा तिन्हीसांज झाली होती आणि आपा दोरीवरचे कपडे काढत होती, काखेत एक रिकामा वाडगा. चिमट्यांचा असेल, असं वाटलं होतं. वाडग्यात कोण ठेवतं कपड्यांचे चिमटे.

म्हणजे कोणी बघत नसताना. एकटीनेच. काही पुटपुटली असेल का, की नुसतीच उधळली… आणि उघड का नाही? उघड उधळलं असतं तर बाबांची गाडी गेली ते बरंच झालं असं झालं असतं, म्हणून? की नुसता माझ्यावरचा राग, आणि रागावलेल्या माणसालाही पोरीची गाडी कोरडी राहिलेली बघवली नाही, म्हणून? चोल्पोनला कळेना. फटीत डोकं घालून ती तशीच वाकून राहिली, डोळ्यांत पाणी आलं होतं की घाम गेला होता, सांगता आलं नसतं.

"सापडलं का?" मागून आपा. कधी उठून आली कोण जाणे.

"हो. धूळ आहे. चिकट झालीय. शिलाई मशीनचं तेल आहे ना आपलं, ते जरा…"

"तेल नको," आपा म्हणाली. "कोमट पाणी घे. कापूस बुडवून लाव, सुटेल."

चोल्पोनने मान वळवली. आपाचा चेहरा अगदी साधा होता, भाजी निवडताना असतो तसा.

"धुळीला कोमट पाणी लागतं?"

"काही काही धुळीला लागतं."

आणि आत जाऊन खरंच पाणी घेऊन आली, कापसाचे बोळेही करून आणले, एकेक हातात देत राहिली, दवाखान्यातल्या मदतनिसासारखी.  निळा कागद चोल्पोनने मुठीत दाबला आणि हळूच खिशात सरकवला. आकडी सैल झाली, सुटली, स्क्रूड्रायव्हरने दाबली तर टक्-टक्, दोनदा, स्वच्छ. मग बटण दाबून चोल्पोनने आकडी परत मोकळी केली.

आपा रुमालाची गाठ सारखी करायला वळली तेवढ्यात तिने डिकीतली चटई उचलून बघितली. खाली, स्टेपनीच्या जागी असलेल्या रिकाम्या खोलगटात, चटईच्या कडेने घरंगळून गेलेलं एक सुकं जर्दाळू चिकटलेलं, आणि एक अक्रोड, गोल, अख्खा. तिने हात पुढे केला… आणि चटई जशी होती तशी घातली. वर शिर्दक ठेवला. बटण दाबलं. झाकण खाली आलं, टक्, टक्, आणि आतल्या छोट्या मोटरने ते घट्ट ओढून घेतलं.

"लाथ न घालता?" कुंपणावरून तुरार बाइके निराश होऊन म्हणाला.

आपाने पुढचं दार धरलं. मग सोडलं, आणि मागचं उघडून मागे बसली. चोल्पोनने ते बघितलं.  पुढची सीट बाबांच्या शेजारची, ती इतक्यात कशी…

गल्लीच्या तोंडाशी वळताना मागून आवाज आला. गडगड, गडगड, टप्प. जुन्या गाडीत हे कधी ऐकू आलं नसतं, दहा अक्रोड गडगडले असते तरी.

"काहीतरी वाजतंय गं मागे," आपा म्हणाली.

"वाजतं कधी कधी."

"दाखवत का नाहीस कोणाला?"

"कशाला," चोल्पोन म्हणाली.

आरशात तिला आपाचा रुमाल आणि एक डोळा एवढंच दिसत होतं, आणि तो डोळा खिडकीबाहेर, शेतांकडे लागलेला. पुढे रस्ता सरळ होता, तोकमोकपर्यंत जवळजवळ सरळच, दोन्ही बाजूंना चिनारांची रांग… आणि ज्या खडखडाटाची तक्रार करायची म्हणून ती इतके दिवस ठरवत होती, त्यासाठीच ती आता पुढचं वळण कुठे येतं ते आठवत होती.