दान्यलचा आवाज

आमच्या बेटावर नाचाला वाद्य लागत नाही. सगळ्यांनी हात धरून फेर धरायचा आणि एकानं गायचं. आमच्या गावात ते गायचं काम दान्यलचं. जुन्या वीरगीतांची शंभर-शंभर कडवी त्याला तोंडपाठ. पालुपद तेवढं आम्ही उचलायचो.

काही वर्षांपूर्वी त्याचा आवाज बसला तो सुटेचना. "मेंढ्यांवर ओरडून गेला असेल," आम्ही चेष्टा करायचो. त्याचा बाप घशाच्या कॅन्सरनं गेला होता, हे आमच्या ध्यानातच आलं नाही. दान्यल मात्र ते विसरला नव्हता. तो नाचाला यायचाच बंद झाला.

शेवटी त्याची बायको मार्यून म्हणाली, "शुक्रवारी दवाखान्यात जायचंय. वेळ घेतलीय मी."

"मला न विचारता?"

"तुला विचारूनच दोन वर्षं गेली."

नाकातून बारीक कॅमेरा घातला, तर स्वरतंतूंलगत पिवळसर गाठी दिसल्या. तुकडा काढून तपासायला पाठवला. ते पंधरा दिवस दान्यल कुंपणाची एकच भिंत पाडून पुन्हा रचत होता.

कॅन्सर निघाला नाही. अमिलॉइड नावाचं एक प्रथिन घशात साचत होतं. हृदय, मूत्रपिंडं, सगळं तपासलं. बाकी कुठं काही नव्हतं. शस्त्रक्रियेसाठी दोघं कोपनहेगनला गेले.

"तोंडातूनच लेझरनं काढू," सर्जनबाई म्हणाल्या. "पण सगळं खरवडलं तर आवाजच जाईल. थोडं ठेवावं लागेल, आणि ते पुन्हा वाढू शकतं."

"मेंढ्या दर वर्षी कातरतोच की आम्ही," दान्यल घोगऱ्या आवाजात म्हणाला.

शस्त्रक्रियेनंतर आठवडाभर बोलायची बंदी होती. तो सांगितलं तसं वागला.

फेब्रुवारीत तो नाचाला आला. आवाज पूर्वीपेक्षा जाड, पण स्वच्छ. तिसाव्या कडव्याला तो विरत गेला आणि थांबला. पावलं चालू होती, पुढचं कडवं आम्हा कुणालाच येत नव्हतं. तेवढ्यात मार्यूननं ते उचललं. तीस वर्षं ती त्याच्या शेजारी नाचली होती. तिला सगळं येतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. दान्यलनं तिच्याकडे पाहिलं आणि तो आमच्यासारखा पालुपद म्हणू लागला.

गाठी थोड्या परत आल्या. गेल्या वसंतात पुन्हा काढल्या. आता दोघं कडवी वाटून घेतात. बेचाळिसावं कुणाचं, यावर अजून भांडण आहे.