प्रफुलच्या जीपचं इंजिन खोलायचं ठरलं

मी प्रफुलच्या काळीपिवळी जीपचं इंजिन. बॉनेट बंद असलं की मी कुणाला दिसत नाही. लोक म्हणतात, "गाडी मस्त पळते." पळतो खरं तर मी. पण त्याचा मला राग नाही.

माझा जन्म वितळलेल्या लोखंडातून झाला. माझ्या पोटात चार सिलिंडर, म्हणजे चार गोल विहिरीच समजा. त्यांत चार पिस्टन दिवसभर वर-खाली पळतात. लोखंडाशेजारी लोखंड, आणि मधे ऑईलचा एवढा पातळ थर की डोळ्याला दिसूसुद्धा नये. त्या थराच्या भरवशावर मी चार लाख किलोमीटर पळालो. माझं मलाच नवल वाटतं.

माझा पहिला मालक कोरपन्याचा, कापसाचा व्यापारी. तो मला सावलीत ठेवायचा. मग प्रफुलनं मला घेतलं, आणि सिंदेवाहीकडच्या जंगलातून ब्रह्मपुरीच्या फेऱ्या सुरू झाल्या. नऊ माणसांच्या जागेत सोळा बसतात, वर कोंबड्या. थंडीत लोक उतरल्यावर बॉनेटवर हात शेकतात, तेव्हा मला बरं वाटतं.

प्रफुलची बायको दिव्यानी. त्यांची उर्वशी पाच वर्षांची, तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. दुखणं उठलं की हातपाय असे ठणकतात की लेकरू किंचाळत सुटतं. मग दिव्यानी तिला पोटाशी धरून पुढच्या सीटवर बसते आणि आम्ही ब्रह्मपुरीचा दवाखाना गाठतो. अर्ध्या वाटेत फोनला रेंज नाही. दिव्यानीचा एक कान लेकराच्या श्वासाकडे आणि दुसरा माझ्या आवाजाकडे असतो.

दिवाळीपासून मी बिघडलो. सकाळी लवकर सुरू होईना, मागून निळा धूर, आणि ऑईल तर मी पिऊच लागलो. प्रफुलनं जाड ऑईल टाकलं. धूर थोडा दबला. मग गरम झाल्यावर ऑईलचा लाल दिवा लुकलुकू लागला. सवाऱ्या घाबरतात म्हणून त्यानं दिव्यावर बायकोची टिकली चिकटवली.

एके दिवशी उर्वशीला घेऊन ब्रह्मपुरीला जाताना दिव्यानीला ती टिकली दिसली. "अवो, माही टिकली इथी काऊन?"

"तुही आठवण म्हणून."

"आठवण बाजूले बसून हाय तुमच्या. टिकलीखाली काय हाय ते सांगा."

तिनं नखानं टिकली काढली. लाल दिवा. ब्रह्मपुरी येताच तिनं गाडी थेट म्हाताऱ्या नूरुद्दीन मिस्त्रीच्या गॅरेजवर न्यायला लावली.

"भाऊ, खोला लागते, नाईतर चालते, एक काय ते सांगा. मधातलं सांगू नका."

"बाई, दिवाबी कधीकधी खोटं बोलते," नूरुद्दीन म्हणाला. "मीटर लावून पाहू."

त्यानं आधी जाड ऑईल काढून बरोबरचं भरलं, एअर फिल्टर साफ केला. म्हणजे माझ्यावर खोटा आळ यायला नको. मला चांगलं गरम केलं. ऑईलच्या दाबाचा मीटर लावला, तर मी हळू चालत असताना काटा पार खाली. मी चालू असताना ऑईलचं झाकण काढलं, तर चिलमीसारखा धूर फसफसला. मग एकेका सिलिंडरची हवा दाबून पाहिली. दोन नंबर आणि तीन नंबर फारच कमी. मला न खोलताच त्यानं माझं आतलं सगळं सांगितलं. पिस्टनच्या रिंगा गेल्या, बेअरिंग गेले. दाई पोटावर हात ठेवून सांगते, अगदी तसं. मी थक्क झालो.

प्रफुल म्हणाला, "चाचा, दोन महिने ओढू ना."

"ओढशीन. रोज पोचशीनबी. पण जाम कोणत्या दिवशी होईन, ते मले नाई सांगता येत."

दिव्यानीनं विचारलं, "खोललं तं किती दिवस?"

"आठ."

"अन् त्या आठ दिवसांत पोरीचं दुखणं उठलं तं?"

नूरुद्दीनची बायको जमीला चहा घेऊन आली होती; टिकलीची गोष्ट दिव्यानीनं तिला आल्याआल्याच सांगितली होती. ती म्हणाली, "आठ दिवस इथीच राह्य ना, माय. दवाखाना पायी जावाइतका हाय."

"अन् मी, चाची?" प्रफुल म्हणाला.

"तू जाय घरी. बकऱ्या कोण पाहीन? लाल दिव्याले टिकल्या लावता येते, तं स्वयंपाकबी येईन."

दिव्यानीनं मांडीवर झोपलेल्या उर्वशीकडे पाहिलं. "आता बरी हाय ते. बरी हाय तवाच खोला."

हेड, म्हणजे माझं वरचं झाकण, निघालं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या पोटात उजेड आला. सिलिंडरच्या वरच्या बाजूला नूरुद्दीनच्या नखाला झिजेची कड लागली. पण पार खाली, ऑईल धरून ठेवायला कारखान्यात कोरलेल्या बारीक आडव्यातिडव्या रेषा अजून तशाच होत्या. त्यानं दिव्यानीला बोलावून दाखवल्या. उर्वशीनं आत तोंड घालून "ओऽ" केलं. तिचाच आवाज तिला परत आला, तर ती खिदळली.

आज पाचवा दिवस. माझा ब्लॉक बोरिंग होऊन, म्हणजे सिलिंडर आतून नव्यानं घासून, आला आहे, पिस्टन ज्याला फिरवतात तो क्रँक फडक्यात गुंडाळलेला आहे, नव्या रिंगा अजून पुड्यात आहेत. उर्वशी जमीलाच्या अंगणात खेळते आहे. दिव्यानी घडीघडी तिच्या कपाळाला हात लावून पाहते. चार लाख किलोमीटर पळालेला मी, आज मला वीतभरही सरकता येत नाही.

पोरी, अजून तीन दिवस बरी राहा. मग कधीही हाक मार, मी एका चावीत उठेन.