निवृत्तीच्या नावाचा मीटर

मी विद्यानगरातल्या एका घराच्या जिन्याखालचा विजेचा मीटर. इतकी वर्षं निमूटपणे चकती फिरवली. आज मात्र मी चिडलोय आणि तुम्हाला ऐकावंच लागेल.

माझा मालक निवृत्ती सोनकांबळे मराठवाड्यातून इथे तेलुगू मुलखात, विद्यापीठात शिपाई म्हणून आला. त्याच्या गावात विजेच्या तारा आल्या होत्या, पण बौद्धवाड्याच्या अलीकडेच थांबल्या होत्या. मला भिंतीवर बसवल्यावर पहिलं बिल आलं ते तेलुगूत. आपलं नाव कुठे आहे ते त्याने रीडिंगवाल्याला विचारून घेतलं आणि बायकोला, सरुबाईला, बोट ठेवून दाखवलं.

निवृत्ती जाऊन नऊ वर्षं झाली. सरुबाईने बिलावरचं नाव बदललं नाही. दर महिन्याला बिल भरायचं आणि त्याच्या फोटोखाली ठेवायचं, एवढंच. मुलगा रवी कटकट करायचा. चूक तिची होती, कबूल. पण त्यात कुणाचं काय बिघडत होतं?

मग वीजसुधारणा आली. जुने मीटर काढायचे, आधी रिचार्ज मग वीज असे नवे लावायचे. भर मे महिन्यात कंपनीचा माणूस टॅब घेऊन आला. ओटीपी निवृत्तीच्या बंद पडलेल्या नंबरवर गेला.

"कन्झ्युमर को बुलाओ अम्मा."

"ते गेले. नऊ वर्षं झाली."

"फिर तो कनेक्शनच गलत है. नौ साल से चोरी की लाईट जला रे आप लोगां."

चोरीची? एकेक युनिट मी मोजलंय, एकही बिल थकलेलं नाही. त्याने वायर कापली आणि पंखा थांबला.

रवी म्हणाला, "आई, माझं नाव टाकू, मिटवू एकदाचं."

"तुझं नको, माझं टाक," सरुबाई फोटोकडे बघत म्हणाली. "यांना चोर म्हणून गेलाय तो. परत येईल तेव्हा त्याच्याशी मी बोलणार."

नाव बदलून होईपर्यंत आठ दिवस ती अंधारात आणि उकाड्यात राहिली. नवव्या दिवशी तो मला उतरवायला आला. ती दारातच उभी होती.

"आता कन्झ्युमर मी. त्या दिवशी काय म्हणाला होतास, बोल."

"वो सिस्टम में वैसाच आता अम्मा," तो वर न बघता म्हणाला.

आता मी गोदामात पोत्यात पडलोय. सुधारणा करा, कोण नको म्हणतंय? मोठमोठ्या कारखान्यांतली वीजगळती शोधा, हिंमत असेल तर. पण आधी विद्यानगरला जा आणि त्या बाईची माफी मागा. सिस्टमने नाही, माणसाने मागा.