वळणावरची गौर

मर्यादा पाळणे हा धर्म होय. परंतु कोणती मर्यादा कोणासाठी सोडावी हे ओळखणे, हा त्याहून सूक्ष्म धर्म. मित्रांनो, मी दहिसर नदीतला एक जुना, गुळगुळीत खडा आहे. हे दोन्ही धर्म मी बोरिवलीच्या एका वळणावर, एकाच सकाळी पाहिले.

माझा जन्म कान्हेरीच्या डोंगरातल्या काळ्या कातळाचा. पुरांनी मला फोडले, लोळवले, घासले आणि खाली आणले. वाटेत मी नदीची रीत शिकलो. वळणाच्या बाहेरच्या काठावर पाणी वेगाने आदळते आणि तो कोरून काढते. आतल्या काठाशी ते मंदावते. वाहून आणलेली माती, वाळू, आमच्यासारखे खडे तिथे ठेवते. एक काठ झिजतो, दुसरा वाढतो, आणि नदी हळूहळू कूस बदलते.

त्या वाढत्या काठावरून काही घरी भाद्रपदात खड्यांच्या गौरी नेत. आणणारीने तोंडात पाणी धरायचे आणि घरच्या देव्हाऱ्यापर्यंत अक्षर बोलायचे नाही, अशी रीत.

गिरण्यांच्या मोठ्या संपाला दोन वर्षे झाली होती. उत्तरा नावाची नवी सून त्या साली प्रथमच गौर आणायला आली. सासूबाई वसुधाबाई घंटा घेऊन सोबत होत्या. रात्रीचा पूर ओसरत होता. घरून आणलेले पाणी तोंडात धरून उत्तरेने मला वेचून तबकात ठेवले आणि माझ्या दगडी देहाचे सोने झाले.

समोर, बाहेरच्या काठावर धाकूची झोपडी होती. संपात गिरणीचे काम गेल्यावर तो तिथे भाजी पिकवी. कोकणात शेताला घालतात तसा दगडांचा गडगा त्याने काठावर रचला होता. गडगा भक्कम असला की नदी वळसा घेईल, असा त्याचा विश्वास. त्या गडग्यावर बसून त्याची बायको रुक्मिणी आपल्या गौरीसाठी तेरडा निवडत होती.

“उत्तरावयनी, आमच्या हिकाय शिकवा तोंडात पाणी धरूक,” धाकू म्हणाला.

“आधी तुझो गडगो सांभाळ, मगे माझा तोंड,” रुक्मिणीने सुनावले.

उत्तरेचे डोळे हसले. शेवटचा खडा उचलायला ती वाकली आणि तिची नजर समोर, गडग्याच्या बुडाशी गेली. चढत्या पाण्याने काठ भिजवला होता. उतरत्या पाण्याने त्याचा टेकू काढून घेतला होता. गडग्याखाली पोकळी झाली होती आणि ढेकळे गळत होती. वर बसलेल्यांना त्याचा पत्ता नव्हता.

वसुधाबाई घंटा वाजवत घराकडे निघाल्या होत्या. दारात सासरचे सारे पहिल्या गौरीची वाट पाहत असणार. उत्तरेने तबक घाईने वाळूवर टेकवले. आम्ही खडे एकमेकांवर आपटलो. मग तिने तोंडातले पाणी टाकले.

“रुक्मिणीताई, उठा. खाली पोकळ झालंय, मागे सरा.”

रुक्मिणी ओटीतला तेरडा धरून उठली. धाकूने तिला हाताला धरून ओढले, आणि गडगा धडधडत पाण्यात गेला. झोपडी थोडक्यात राहिली.

घंटा थांबली. “बोललीस?” वसुधाबाईंनी विचारले.

“हो, आई.”

त्यांनी पलीकडे पाहिले. “बरं केलंस. शेजारची सवाष्ण पाण्यात गेली असती, तर गौरीला घास गोड लागला असता का? पुन्हा तोंडात पाणी धर.”

पण नदी गढूळ होती. तेव्हा रुक्मिणीच नदीवरच्या छोट्या साकवावरून कळशी घेऊन आली. “माझ्या कळशीतला चलात?”

“न चालायला काय झालं? ओत. आणि नवऱ्याला म्हणावं, झोपडी मागे घे. नदीशी कसला हट्ट करतोस.”

धाकूने झोपडी मागे घेतली. काठावर त्याने मुळांनी माती धरून ठेवणारे वाळा आणि बांबू लावले. गौरी-विसर्जनानंतर मी पुन्हा नदीत आलो, आणि आज आतल्या काठावर समाधानाने पडून आहे.

मित्रांनो, नदीला कूस बदलायला जागा ठेवा. आणि रुक्मिणीची कळशी सदा भरलेली असो, उत्तरेच्या मुखी वेळेवर शब्द येवो, वसुधाबाईंच्या घरी गौर दरवर्षी सुखाने जेवो.