महाराजांना विचारा

"पिशव्या घ्यायच्या असतील तर मोठ्या दुकानांत पाऊलही टाकू नका," आचारी म्हणाला आणि त्याने डॉक्टरीणबाईंच्या ताटात भाताचा दुसरा डाव वाढला. "नदीच्या अलीकडे जुना छपराचा बाजार आहे. आत शिरलं की डाव्या हाताला तिसरं दुकान. एक म्हातारा बसलेला असतो. तो सांगेल त्याच्या निम्म्याने मागायचं, आणि नाही म्हणाला की सरळ पाठ फिरवून चालू लागायचं."

"मग हाक मारतो?"

"हाक? मागे धावत येतो!"

रांग हसली. रांगेच्या शेवटी आचाऱ्याची बायको ताट घेऊन उभी होती, तीही हसली, पण तिच्या हसण्यात मालकी हक्क होता. ज्याला सगळे विचारत होते तो माणूस तिचा होता.

परदेशी सहली काढणारी कंपनी गटाबरोबर आपला आचारी पाठवते, कारण माणूस कितीही हौसेने जग बघायला निघाला तरी संध्याकाळी त्याला घरच्यासारखंच जेवण लागतं. या आचाऱ्याला सगळे 'महाराज' म्हणत. तांदळाच्या गोण्या, मसाल्यांचे डबे आणि मोठाली पातेली घेऊन तो वर्षानुवर्षं याच एका मोठ्या शहरात येत होता, आणि येईल त्या गटात दुसऱ्याच दिवसापासून एक वाक्य फिरू लागे: महाराजांना विचारा. मनोऱ्यावर कधी चढावं? महाराजांना विचारा. संग्रहालयाच्या कुठल्या दाराला गर्दी कमी असते, घड्याळं कुठं घ्यावीत, कुठं मुळीच घेऊ नयेत? महाराजांना विचारा. बरोबर आलेला मॅनेजर बिचारा नुसताच झेंडा धरून पुढे चालायचा. खरी माहिती तळघरातल्या स्वयंपाकघरात मिळते, असं लोक एकमेकांना सांगत.

गंमत एवढीच होती, की महाराजांनी ते शहर पाहिलेलं नव्हतं.

म्हणजे विमानतळ पाहिला होता. सामानाच्या गाडीतून दिसतील तेवढे रस्ते पाहिले होते. आणि हॉटेलने कंपनीला भाड्याने दिलेलं हे तळघर त्याला डोळे मिटून फिरता येईल इतकं पाठ होतं. धूर ओढणारा पंखा कुठल्या वेळी कुरकुरतो, कुठला नळ उलटा फिरवला की सुटतो, कोपऱ्यातली कुठली फरशी ओली असली की पाय घसरतो, सगळं. सकाळी नाश्ता, मग दुपारचे डबे, मग भांडी, मग रात्रीची तयारी. पहिली काही वर्षं मान वर करायला खरोखरच फुरसत नव्हती. पण वाढताना कान मोकळे असत. लोक दिवसभर पाहिलेलं शहर जेवताना पुन्हा एकदा पाहत, आणि हा पातेल्यामागे उभा राहून ते ऐके. पुढच्या गटातल्या एका बाईंनी सहज काहीतरी विचारलं, याने कानावर पडलेलं सांगितलं, आणि ते नेमकं बरोबर निघालं. बाईंनी त्याला असं हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की त्याला तिथून उतरताच आलं नाही.

पुढे हाताखाली एक माणूस मिळाला. दुपारी थोडा वेळ मोकळा सापडू लागला. पण तोवर पंचाईत होऊन बसली होती. ज्याला सगळं माहीत आहे त्याने रस्ता विचारायचा कुणाला? लोकांबरोबर जावं, तर पहिल्याच वळणावर पितळ उघडं पडणार. एकट्याने जावं, तर भाषा येत नाही, आणि भलत्याच गल्लीत गटातलं कुणी भेटलं तर काय तोंड दाखवायचं? मॅनेजर म्हणायचा, "जा ना हो महाराज, पाय मोकळे करून या." हा म्हणायचा, "काय बघायचंय आता? सगळं बघून झालंय." आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून तांदूळ निवडायचा.

घरी तर त्याने याहून मोठा घोळ घालून ठेवला होता. मनोऱ्यावर त्याची टोपी वाऱ्याने उडाली होती. नदीकाठच्या बाकावर बसून त्याने उन्हात केळी खाल्ली होती. बायको ते शेजारणींना सांगायची, बहिणीला सांगायची, पोरं लहान असताना त्यांना झोपवतानाही सांगायची. ती स्वतः दोन खोल्यांच्या बाहेर फारशी पडली नव्हती. सासूचं दुखणं, पोरांची शिक्षणं, यातच तिचे केस पांढरे झाले. यंदा कंपनीचे मालक कधी नव्हे ते खूश झाले आणि म्हणाले, महाराज, या खेपेला वहिनींनाही घेऊन जा, त्यांची जागा माझ्याकडून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. महाराजांची पाचावर धारण बसली.

येऊन पाहतो तो बायको खुशीत होती. ती रोज सकाळी गटाबरोबर बसमधून जायची आणि तो रोज तळघरात उतरायचा. रात्री ती थकून झोपून जायची. मनोरा पाहून आली त्या दिवशी तेवढी थोडी गप्प होती. "कसा वाटला?" त्याने विचारलं. "उंच आहे," ती म्हणाली आणि कुशीवर वळली. त्याला वाटलं, निभावलं.

खरेदीच्या दिवशी डॉक्टरीणबाई, त्यांच्या नणंदबाई आणि आणखी दोघीजणी छपराच्या बाजाराला निघाल्या. बायको म्हणाली, "चला, मी नेते. यांनी मला सगळं समजावून सांगितलंय." ती पदर खोचून पुढे निघाली.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या त्या तणतणतच.

"कसला बाजार नि कसलं काय! गाड्या लावायची जागा आहे तिथं! तासभर उन्हात फिरलो आम्ही. महाराज, अहो, सांगितलंत काय तुम्ही?"

आचाऱ्याचा हात डावासकट पातेल्यातच राहिला. रांगेतले सगळे त्याच्याकडे बघत होते. इतकी वर्षं ज्याला भीत होतो तो दिवस हाच, हे त्याला कळलं, आणि तोही बायकोच्या देखत यावा याचंच त्याला जास्त वाईट वाटलं.

"यांचं काही चुकलं नाही," बायको मागून म्हणाली. "चूक माझी आहे. यांनी सांगितलेल्या थांब्याच्या आधीच मी तुम्हाला उतरवलं. मला मेलीला काय कळतंय त्यातलं?"

"मग तिथंच सांगायचं नाही का? पायांचे तुकडे पडले आमच्या."

"लाज वाटली हो. माफ करा."

"बायकांना रस्ते कळतच नाहीत," गटातले बँकवाले काका पापड मोडत म्हणाले आणि आपल्याच विनोदावर मोठ्याने हसले.

घरी भाजीत मीठ जास्त पडलंय म्हटलं तरी दोन दिवस न बोलणारी ही बाई. ती खाली मान घालून ऐकत राहिली. तेही तिने गिळलं.

जेवणं आटोपल्यावर ती तळघरात आली. हाताखालचा माणूस कचरा टाकायला गेला होता. तिने काही न विचारता ओली भांडी पुसायला घेतली.

"कुठल्या थांब्यावर उतरलात?" आचाऱ्याने विचारलं.

"तुम्ही सांगितलेल्याच. पाटी तीच होती. शेजारी एक फळवाली बसते, तिला मी एकटीनेच जाऊन हातवारे करून विचारलं. बाजार केव्हाच पाडला म्हणते."

तो पातेलं घासत राहिला. घासून चकचकीत झालेलं पातेलं त्याने पुन्हा घासायला घेतलं.

"आणि मनोऱ्यावर वर चारी बाजूंनी काच आहे," ती म्हणाली. "वाऱ्याची झुळूक नाही आत. टोपी कशी उडाली हो तुमची?"

पंखा कुरकुरत होता.

"ती एका जुन्या गटातल्या वकिलाची टोपी," तो शेवटी म्हणाला. "तेव्हा काच नसावी."

"आणि केळी?"

"केळी मी खाल्ली. इथंच, या पायरीवर."

तिला रडू येईल असं त्याला वाटलं, किंवा ती चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "एकदाही नाही? कधीच गेला नाहीत?"

"जमलंच नाही गं. आधी वेळ नव्हता. मग... मग लोक मला विचारायला लागले."

तिने फडकं पिळून वाळत घातलं. "मी तर पोरांना सांगत आले," ती म्हणाली, आणि तिचा आवाज जरासा चिरकला. पण तेवढंच. मग ती जिन्याकडे निघाली आणि वळून म्हणाली, "लोकांत काही बोलू नका आता. झालं ते झालं."

शेवटच्या दिवशी गटाला दुपारी विश्रांती होती. लोक हॉटेलच्या दारातल्या खुर्च्यांवर पाय लांब करून बसले होते. तेवढ्यात मॅनेजरला औदार्याचा झटका आला. "महाराज, आज मी तुम्हाला सुट्टी देतो! वहिनींना तुमचं शहर दाखवून आणा!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "कुठं नेणार, महाराज?" "नदीवर न्या हो!" "बाजारात नका नेऊ म्हणजे झालं, वहिनी हरवतील!" आचाऱ्याने अंगावरचा एप्रन सोडला. त्याच्याकडे दुसरा इलाजच नव्हता.

तो दारातून बाहेर पडला. मागून सगळे बघत होते. रस्ता रुंद, गाड्या भलत्याच बाजूने येणाऱ्या, सिग्नलच्या दिव्यावरची माणसं कधी हिरवी होत, कधी लाल. तो थबकला. त्याची बायको अर्धं पाऊल मागे आली आणि ओठ न हलवता म्हणाली, "खांबावरचं बटण दाबा." त्याने दाबलं. "आता चला. पलीकडे गेल्यावर उजवीकडे." तो ऐटीत उजवीकडे वळला. मागून बँकवाल्या काकांनी हात हलवला, त्यानेही हलवला.

"औषधाच्या दुकानापाशी डावीकडे."

"हं."

"पुतळा आला की सरळ."

वळण घेतलं, हॉटेल दिसेनासं झालं, तरी ती मागेच चालत होती.

"आता कुणी बघत नाही," तो म्हणाला. "तू हो की पुढे."

"असू दे. मला सवय आहे."

हे शब्द त्याला फार लागले. दोघं दुकानांच्या काचांसमोरून चालले. एका काचेत काळ्या चामड्याची पिशवी होती. ती क्षणभर थांबली, त्याने विचारलं, "घ्यायची?" ती म्हणाली, "इथं नको, महाग असतं, तुम्हीच सांगता ना?" आणि दोघांनाही हसू आलं. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या छातीवरचं ओझं जरा हललं. हवेत ओलसर वास येऊ लागला होता.

"नदी?" त्याने विचारलं.

"हो. ती मोठी पांढरी इमारत ओलांडली की समोरच. वारा सुटतो तिथं. टोपी आणायला हवी होती तुमची."

तेवढ्यात फोन वाजला. मॅनेजर होता. हॉटेलवाल्यांची कसली तरी पार्टी निघाली होती, स्वयंपाकघर त्यांना लवकर रिकामं करून हवं होतं. रात्रीचं जेवण आत्ताच शिजवून ठेवायला लागणार. "सॉरी महाराज. धावत या."

"दोन मिनिटांवर आहे हो," बायको म्हणाली. "नुसतं बघून येऊ."

तो त्या पांढऱ्या इमारतीकडे बघत उभा राहिला. जायला काहीच हरकत नव्हती. दोन मिनिटांनी जग बुडणार नव्हतं. पण पाय आधीच उलटे वळले होते. इतक्या वर्षांत फोन आला की तळघराकडे जायचं एवढंच त्यांना ठाऊक होतं.

"तू जाऊन ये," तो म्हणाला.

"तुम्हाला परतीचा रस्ता सापडेल?"

त्याने मान हलवली. नाही. मग ती फिरली, आणि या वेळी घाई असल्यामुळे पुढे चालली.

दारात लोक होतेच. "काय वहिनी, काय काय दाखवलं महाराजांनी?"

"सगळं दाखवलं," ती म्हणाली. "चालून चालून दमवलं मला."

आचारी मान न वळवता जिना उतरला. त्याने एप्रन बांधला, कांदे ओढून घेतले आणि भराभर चिरायला लागला. हाताखालचा माणूस काहीतरी विचारत होता. त्याचं लक्ष नव्हतं. त्याला स्वतःची चीड आली होती. तिने माझ्यापायी किती दिवस मान खाली घालायची?

रात्री जेवून गट नदीवर बोटीत बसायला जाणार होता. सगळे उत्साहात होते. रांगेत पहिल्या डॉक्टरीणबाईच.

"महाराज, कालचं सगळं विसरले मी. आता एवढंच सांगा, बोटीत कुठल्या बाजूला बसलं की दिवे छान दिसतात?"

त्याने डाव खाली ठेवला.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "मी ती नदी पाहिलेली नाही. मी हे शहरच पाहिलेलं नाही, बाई. कधीच."

मग बँकवाले काका असे हसले की त्यांना ठसका लागला. पाठोपाठ अख्खी रांग हसली.

"वा महाराज! कालचा राग काढता होय?"

"खरंच सांगतो. जे सांगत आलो ते तुमच्याच लोकांकडून ऐकलेलं..."

"बघा, बघा, चेहरा कसा करतात!" डॉक्टरीणबाई डोळे पुसत म्हणाल्या. "आता उगाच भाव खाऊ नका हो. बस निघायचीय. सांगा ना, डावीकडे की उजवीकडे?"

तो त्यांच्याकडे बघत राहिला. मागून कुणी म्हणालं, महाराज, भात निवतोय. कुणी म्हणालं, सांगून टाका आता. सगळे प्रेमाने बघत होते, आणि त्या प्रेमात कुठंही फट नव्हती.

"डावीकडे बसा," तो म्हणाला.

"हं! आता कसं!" रांग पुढे सरकली. बाई मागच्याला सांगत होत्या, डावीकडे, डावीकडे, महाराजांनी सांगितलंय.

सगळ्यात शेवटी बायको आली. एकटी तीच हसत नव्हती. तिने ताट पुढे केलं.

"बरोबर सांगितलं का गं मी?" त्याने हळूच विचारलं.

"मला कुठं ठाऊक? मी तरी अजून कुठं बसलेय बोटीत?"

"जाशील ना?"

"जाईन." ती थोडा वेळ त्याच्या हाताकडे बघत राहिली. "डावीकडेच बसेन."

त्याने तिला भात वाढला, वर रस्सा घातला, आणि रिकामं पातेलं उचलून तो आत गेला.