हातोडी उचलायची नाही

अमरावती सोडल्यापासून प्रियदर्शनीने देवमन तायडेशी एक शब्द काढला नव्हता. बडनेरा मागे पडलं, मूर्तिजापूरला चहा झाला, तरी ती आपली खिडकीबाहेरच पाहत होती. गाडीच्या मागच्या सीटवर दोघं बसले होते आणि मधे तिने गवसणीतला तानपुरा उभा करून ठेवला होता. देवमनला ती भिंतच वाटत होती. पुढे ड्रायव्हरशेजारी तबलजी किशोरभाऊ डोळे मिटून बसले होते. झोपलेले मात्र नव्हते.

"ताई, चहा बरा नव्हता काय? अर्धा टाकला तुम्ही," देवमनने विचारून पाहिलं.

"बरा होता, तायडेजी."

हे 'तायडेजी' त्याच्या जिव्हारी लागायचं. मागच्या वर्षापर्यंत ती त्याला दादा म्हणायची.

देवमनचं काम होतं गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे कार्यक्रम ठरवून देण्याचं. मोठ्या शहरांत अशा माणसाला एजंट म्हणतात. वऱ्हाडात त्याला तोंडावर 'तायडे साहेब' म्हणायचे आणि पाठ वळली की 'गाणेवाल्यांचा दलाल'. सुरुवातीला तो सभामंडपात माईक आणि कर्णे लावायचा. अकोल्याच्या एका बुद्धविहारात जयंतीच्या कार्यक्रमात त्याने फ्रॉकातली प्रियदर्शनी ऐकली आणि माईकची उंची कमी करायला म्हणून वर गेला तो तिचं गाणं संपेपर्यंत खाली उतरलाच नाही. पुढे ती ख्याल शिकली, मोठी झाली. तिचं पहिलं मोठं व्यासपीठ देवमनने मिळवून दिलं, आणि तिच्या नावावर देवमनला दहा दारं उघडली. दोघं एकमेकांच्या आधाराने वर चढले, असं म्हणायला हरकत नाही.

त्याची कामाची रीत साधी होती. आयोजकाला जे ऐकायचं असेल ते आयोजकाला सांगायचं, कलाकाराला जे ऐकायचं असेल ते कलाकाराला. दोन्ही गोष्टी जुळत नसल्या तर मधली फट आपण स्वतः उभं राहून बुजवायची. बहुतेक वेळा ती बुजायची.

अंजनगाव सुर्जीला ती बुजली नाही. मागच्या हिवाळ्यात तिथे प्रियदर्शनीचा राग ऐन रंगात आला होता आणि मंडळाचे कार्यकर्ते हार-तुरे घेऊन मंचावर चढले. पुढारी आले होते. गाणं थांबवलं. एकामागून एक भाषणं झाली, शाली पांघरल्या गेल्या, नारळ दिले-घेतले गेले, आणि ती बाई तानपुरा मांडीवर घेऊन सगळ्यांच्या मधोमध बसून राहिली. कोणीतरी तिच्या अंगावरून हात लांब करून माईकही ओढून नेला. देवमन खाली उभा होता. तो वर चढला नाही.

परत येताना ती एवढंच म्हणाली होती, "पुण्याची एक संस्था मला बोलावते आहे. माझं सगळं काम तीच पाहील. मी अजून हो म्हटलं नाही. पण माझं गाणं पुन्हा एकदा मधे थांबलं, तर तुमचा-माझा संबंध संपला." त्या दिवसापासून तो तायडेजी झाला.

आणि आता दिवाळी पहाटेचा कार्यक्रम होता, अकोल्यात, खुशालरावांच्या मंडळाचा.

खुशालराव म्हणजे अकोल्यातल्या निम्म्या मंचांचे मालक. त्यांनी एखाद्या कलाकाराचं नाव कापलं तर अमरावतीतही कोणी त्याला उभं करत नसे. संध्याकाळी देवमन एकटाच त्यांच्या घरी गेला. खुशालराव अंगणात खुर्ची टाकून बसले होते. बस म्हणाले नाहीत.

"आमदार साहेब उद्या सकाळी येऊन राहिले," ते म्हणाले. "त्याइले पुढं दुसऱ्या गावी जायचं आहे. आले का सत्कार करायचा अन् मोकळं करायचं."

"सत्कार आधी करून टाकू ना, रावसाहेब. गाणं सुरू व्हायच्या पह्यले."

"साहेब काय तुया बाईसाठी अंधारात उठतीन?"

"मंग शेवटी."

"शेवटपर्यंत थांबतीन थे? तू कायले आला रे इथं, मले शिकवाले? गाणं घटकाभर थांबलं तं तुया बाईच्या अंगाले भोकं पडते काय?"

देवमनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण तो हसला. हसणं हा त्याच्या धंद्याचाच भाग होता. "तसं नाई जी. मधात एक जागा असते, तिथं करा. पह्यले संथ गाणं चालते. थे सरलं का तबलावाला हातोडी घेऊन तबला ठोकते. टक टक आवाज येते. थो आवाज आला का समजा, जागा झाली. या बिनधास्त शाल घेऊन."

"नक्की?"

"नक्की."

"नाई तं देवमन, या गावात तुयं पुन्हा एकही बॅनर लागणार नाई. आमी तुले उभं केलं, आमीच बसवू."

देवमन तिथून निघाला तो थेट किशोरभाऊंच्या खोलीवर गेला. किशोरभाऊ तबल्याच्या कातडी पुडीवरून फडकं फिरवत होते.

"भाऊ, उद्या विलंबित सरलं का थेट द्रुत. मधात थांबायचं नाई. आणि कायबी झालं तरी हातोडी उचलायची नाई."

विलंबित म्हणजे रागातला संथ भाग आणि द्रुत म्हणजे जलद. या दोहोंच्या मधे गवई क्षणभर दम घेतो आणि तबलजी तबला पुन्हा सुरात लावून घेतो. हाच तो क्षण, ज्याची खूण देवमन खुशालरावांना देऊन आला होता. खूणच झाली नाही, तर खुशालराव खुर्चीत बसून वाट पाहत राहतील आणि तोवर द्रुत सुरू होऊन जाईल. धावत्या गाडीत कोण चढतो?

"ताईले सांगतलं काय?" किशोरभाऊंनी विचारलं.

"तिले कायले सांगता? तिनं गावं. बाकीचं आपण पाहू."

"तबल्याचा सूर उतरला-चढला तं?"

"एका रागापुरता नाई चढत, भाऊ. चांगला लावून घ्या ना आधीच."

किशोरभाऊंनी फडक्याची घडी केली. "तू सांगून राहिला म्हणून, देवमन," ते म्हणाले. आवाजात नाराजी होती. देवमनने ती ऐकली आणि सोडून दिली.

पहाटे मैदानात चांगलाच गारठा होता. लोक शाली-स्वेटर गुंडाळून, उटण्याचा वास घेऊन आले होते. मंचावर पणत्या लावल्या होत्या. मंच पूर्वेकडे तोंड करून होता, आणि हे देवमनच्या लक्षात आलं होतं. त्याला ते चांगलंच वाटलं. सूर्य उगवेल, ताईच्या चेहऱ्यावर ऊन पडेल, फोटो छान येतील. इतकी वर्षं मंच लावणाऱ्या माणसाला एवढंच सुचलं.

प्रियदर्शनीने अहिरभैरव सुरू केला. देवमन मंचाच्या पायऱ्यांशी उभा राहिला. तिथून त्याला ती, किशोरभाऊ आणि समोरच्या सोफ्यावरचे खुशालराव, तिघंही दिसत होते. खुशालरावांच्या शेजारचा सोफा रिकामा होता. त्यावर पांढरा टॉवेल अंथरलेला होता.

गाणं हळूहळू उलगडत गेलं. लोक हलायचे थांबले. मागे फटाके वाजत होते तेही लांब गेल्यासारखे वाटू लागले. देवमनला आठवलं, फ्रॉकातली ती मुलगीही अशीच आधी एका सुरावर उभी राहायची, पाय रोवून, आणि मगच पुढचं पाऊल टाकायची.

मग समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून सूर्य वर आला आणि ऊन सरळ तबल्यावर पडलं.

गारठ्यात लावलेल्या तबल्याला ऊन लागलं की कातडं वाळतं, ताणलं जातं आणि सूर वर चढतो. लहानपणी तबला शिकलेलं कोणतंही पोर हे सांगेल. देवमनलाही ठाऊक होतं. पण हे ऊन आणि रात्रीचा तो हुकूम, या दोन गोष्टी त्याने एकत्र ठेवून कधी पाहिल्याच नव्हत्या. किशोरभाऊंनी तबला किंचित फिरवला. मग तळहाताने पुडी दाबून पाहिली. त्याने काय होतं?

त्याच वेळी फाटकातून गाड्या आत आल्या. पांढऱ्या कपड्यातले साहेब येऊन टॉवेलवर बसले. खुशालरावांनी शाल मांडीवर घेतली आणि मान वाकडी करून ते कान देऊन बसले.

विलंबित संपत आलं. प्रियदर्शनीने शेवटचा सूर खाली आणून ठेवला आणि किशोरभाऊंकडे पाहून बोटाने खाली अशी खूण केली. तबला उतरवा.

किशोरभाऊंचा हात हातोडीकडे गेला नाही.

तिने पुन्हा खूण केली. मग हळूच म्हणाली, "किशोरभाऊ, चढलाय. उतरवा."

किशोरभाऊंनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पायऱ्यांकडे पाहिलं, देवमनकडे. आणि देवमनने, आजवर शंभर मंचांवर केली तशी, नकळत मान हलवली. नको.

तिची नजर किशोरभाऊंच्या नजरेमागोमाग आली आणि देवमनवर थांबली. तानपुरा वाजत होता. तिला काय ते सगळं समजलं, हे त्याला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. रागावलेल्या माणसाचा चेहरा तो ओळखायचा. हा तसा नव्हता. अनोळखी माणसाकडे पाहावं तशी ती पाहत होती.

तिने वाकून किशोरभाऊंच्या मांडीजवळची हातोडी स्वतः उचलली आणि त्यांच्या हातात ठेवली.

टक. टक. टक.

खुशालराव उठले. मागे साहेब उठले. शाल, नारळ, फोटोवाला, सगळी वरात पायऱ्यांकडे निघाली. देवमन पायऱ्यांच्या मधोमध उभा राहिला आणि त्याने दोन्ही बाजूंचे बांबू धरले.

"सरक," खुशालराव दबल्या आवाजात म्हणाले.

"नाई."

"तूच सांगतलं. हातोडी वाजली का या."

"सांगतलं होतं. खोटं सांगतलं."

"सायबासमोर मायी इज्जत घेऊन राहिला काय बे, दलाला?"

"दलाल तं दलाल. वर नाई जाऊ देत."

खुशालरावांनी त्याच्या छातीला हात लावून ढकललं. बांबू करकरला, देवमन हलला नाही. मागून साहेब म्हणाले, "काय भानगड आहे, खुशालराव? मला उशीर होतोय." ते चिडले होते. गाण्याकडे त्यांचं लक्ष होतं असं म्हणता येणार नाही. शेवटी खुशालरावांनी तिथेच, लोकांनी काढून ठेवलेल्या चपलांच्या ढिगाशेजारी, साहेबांच्या खांद्यावर शाल टाकली. फोटोवाल्याने दोन फोटो काढले. साहेब फोनवर बोलत गाडीकडे गेले. राहिलेला नारळ खुशालरावांनी देवमनच्या पोटावर असा दाबला की त्याला तो धरावाच लागला.

"घे. हा तुया सत्कार. अकोल्यातला शेवटचा."

तोवर देवमनच्या पाठीमागे द्रुत सुरू झालं होतं. त्याने वळून पाहिलं नाही, नारळ धरून ऐकत राहिला. तबला सुरात होता. प्रियदर्शनी अशी गात होती की मागच्या रांगेतली शेव-चिवड्याची ताटलीही कोणी उचलेना. गाणं थांबलं नव्हतं. खुशालराव गेले, अकोला गेलं, कदाचित अमरावतीही जाईल. पण गाणं थांबलं नव्हतं, म्हणजे ताई राहिली. त्याने मनाशी असा हिशेब मांडला आणि त्याला जरा बरं वाटलं.

कार्यक्रम संपल्यावर ती खाली उतरली. लोक पाया पडत होते, फोटो मागत होते. गर्दी सरल्यावर तो पुढे झाला.

"ताई, कोणी थांबवलं नाई आज."

"तुम्ही थांबवलं."

"मी? मी तं पायरीवर..."

"पायरीवर तुम्ही काय केलं ते पाहिलं मी. अंजनगावला तेच करायला पाहिजे होतं." ती अजिबात आवाज न चढवता बोलत होती. "अंजनगावले बाहेरच्यांनी थांबवलं होतं, तायडेजी. ज्याइले गाण्यातलं काही समजत नाई त्याइनं. तुमाले समजते. बेसूर तबला समजते तुमाले, अन् तरी तुमी मान हलवली."

"तुयासाठीच केलं न पोरी."

"माह्यासाठी करायचं होतं तं मले सांगायचं होतं. मी सावलीत बसली असती. मंचाच्या खालचं तुमचं होतं. वरचं माझं. ते तेवढं एकच होतं माझं."

"आता पुण्याले जाशीन?"

"हो."

"तिथलेबी असेच असतीन."

"असतील. पण त्यांना मी दादा म्हटलेलं नसेल."

तिने तानपुरा उचलला. नेहमी तो देवमन उचलत असे. तिचा भाऊ मोटारसायकल घेऊन आला होता. माहेर तिथून जवळच, जुन्या शहरात होतं. दिवाळीचा दिवस होता.

मंचावर किशोरभाऊ तबला कपड्यात गुंडाळत होते. देवमन पायऱ्या चढून वर गेला.

"थोडासाच चढला होता ना, भाऊ?"

"थोडासाच."

"लोकाइले समजला असता काय?"

"लोकाइले कायचा समजते." किशोरभाऊंनी हातोडी पिशवीत टाकली आणि पिशवीची नाडी आवळली. "मी बसनं जातो, तायडेजी. तुमी व्हा पुढं."

देवमनने त्यांच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं किशोरभाऊ त्याला नुसतं देवमन म्हणत होते.

तो गाडीत येऊन बसला. मागची सीट रिकामी होती. नारळ ठेवायला जागा शोधावी लागली नाही.