भिंती ठोकून पाहणारी हातोडी

मी एक जुनी लाकडी हातोडी आहे. हातोडी म्हटलं की तुम्हाला खिळे आठवतील, पण मित्रांनो, मी जन्मात एकही खिळा ठोकलेला नाही. माझं काम भिंतींची विचारपूस करण्याचं. एका सुताराने उरलेल्या लाकडातून मला घडवलं, लांब दांडा बसवला आणि आपल्या मित्राला देऊन टाकलं. जुनं घर विकत घेण्याआधी लोक ज्यांना ते तपासायला बोलावत, ते आमचे काका म्हणजेच हा मित्र.

काका मला भिंतीवर हलकेच आपटत. आवाज खणखणीत आला, तर प्लास्टर विटांना धरून आहे. बद्द आला, तर ते आतून सुटलंय आणि आज ना उद्या पडणार. विकायला काढलेली घरं रंग लावून नटवलेली असतात. वरून कीर्तन, आतून तमाशा! काका डोळे मिटून ऐकत आणि बरोबर त्या तमाशावर बोट ठेवत. काकांनी हो म्हटलं की लोक निर्धास्त घर घेत. खरं सांगते, त्या कौतुकाने मीही जरा शेफारले होते.

मग काकांचं वय झालं. काकूंनी जेवायला हाक मारली की शेजारपाजारचे ताटावर बसत, पण काका पेपरातून मान वर काढत नसत. लेकीने कान दाखवायचा लकडा लावला, तेव्हा त्यांनी हसण्यावारी नेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कोणी काही बोललं आणि कळलं नाही, तर ते नुसती मान डोलवत. मला मात्र कळलं होतं, कारण ते मला पूर्वीपेक्षा जोरात आपटू लागले होते.

अशातच शिवणकाम करणाऱ्या एक ताई आल्या. पन्नाशी उलटलेली, घरी म्हातारे वडील, आणि भाड्याच्या खोल्या बदलताना सात वेळा हलवलेलं शिलाई मशीन. आता त्यांनी आयुष्यभराची पुंजी एका घरात घालायची ठरवली होती. जुन्या, शांत वस्तीतलं साधंच घर होतं ते. दोन खोल्या, स्वयंपाकघर, गल्लीत मोठी झाडं आणि एकमेकांना नावाने ओळखणारे शेजारी. मागच्या खोलीत मोठी खिडकी होती. तिथला उजेड पाहून ताईंचा चेहरा खुलला.

काकांनी एकेक भिंत तपासली. सगळ्या चांगल्या होत्या. शेवटी स्टुलावर चढून त्यांनी मला खिडकीच्या वरच्या भागावर आपटलं. मित्रांनो, तो आवाज बद्द होता. माझ्या दांड्यापर्यंत तो पोकळपणा जाणवला. काकांनी तीनदा ठोकलं, तीनदा तोच आवाज आला. काका खाली उतरले आणि म्हणाले, "घर ठणठणीत आहे. मशीन इथेच खिडकीखाली ठेवा."

चार महिन्यांनी भर दुपारी त्या जागचं प्लास्टर ताईंच्या उजव्या हातावर पडलं. हाड सांधलं, पण दोन बोटं पुन्हा वाकली नाहीत. कात्री धरणारीच बोटं ती.

बातमी कळताच काका मला घेऊन त्यांच्याकडे गेले. मला का नेलं कोण जाणे, त्यांना सवयच होती. मशीनवर चादर घातलेली होती. काका खुर्चीत बसले आणि खाली बघत म्हणाले, "ताई, मला त्या दिवशी ऐकू आलं नव्हतं. दोन वर्षं झाली, मला नीट ऐकू येत नाही. मी लपवलं."

ताईंनी डाव्या हाताने मशीनवरची चादर सारखी केली. मग त्या हळू आवाजात काहीतरी बोलल्या. काकांनी सवयीने मान डोलवायला घेतली आणि ते थांबले. "ऐकू आलं नाही," ते म्हणाले. "पुन्हा सांगता का?"

बिचाऱ्या ताईंना तेच मोठ्याने सांगावं लागलं. "मला आलं होतं ऐकू. आवाज वेगळा वाटला होता. पण तुम्ही एवढे जाणकार, तुम्हाला काय विचारायचं, म्हणून मी बोलले नाही."

हे मात्र काकांना नीट ऐकू आलं. ते माणूस तिथेच बसून रडलं.

त्यानंतर काकांनी काम सोडलं. मी आता कपाटात असते. वाईट त्याचं वाटत नाही. वाईट याचं वाटतं की त्या खोलीत आम्ही तिघं होतो आणि ऐकू आलेल्या दोघींपैकी कोणीच बोललं नाही. मित्रांनो, ऐकू येत नसेल तर तसं सांगा, त्यात कसली आलीय लाज? आणि काही वेगळं ऐकू आलं, तर समोर कितीही मोठा जाणकार असू दे, त्याला विचारा. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.